चित्र नीट बसवावे

आपल्या घरात भिंतीवर तसबिरी असतात. एखादी देवाची असते. एखादी आजोबांची असते. तसबीर लावताना आपण काय करतो? एक जण स्टुलावर चढतो. दुसरा चार पावले मागे सरून पाहतो आणि सांगतो, "थोडी वर घे. उजवी बाजू खाली आली बघ. हां, आता बरोबर." तसबीर वाकडी लागली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांना खुपते.

छापील कागदावरही चित्रे असतात. लग्नपत्रिकेवर असतात, बियाण्याच्या पिशवीवर असतात, दवाखान्याच्या पत्रकावर असतात. ती आपोआप तेथे येत नाहीत. कोणीतरी ती तेथे बसवलेली असतात.

भिंतीवरची तसबीर वाकडी लागली तर फार तर वाईट दिसते. पण कागदावरचे चित्र चुकीच्या जागी बसले तर कधीकधी जिवाशी गाठ पडते. आमच्या हातून असे होता होता राहिले. ती हकीकत आधी सांगतो.

सहा चमचे कशाचे?

पावसाळ्यात पाणी गढूळ होते. लहान मुलांना जुलाब लागतात. अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात आणि मूल मलूल होते. अशा वेळी त्याला क्षारांचे पाणी पाजावे लागते. आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात ओआरएसची पाकिटे मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती पूड विरघळवायची. पाकीट हाताशी नसेल तर ते पाणी घरीही करता येते. त्याचे माप ठरलेले आहे. उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर चहाचे सपाट ६ चमचे, मीठ चहाचा सपाट अर्धा चमचा. हे माप चुकवून चालत नाही. मीठ जास्त पडले तर तेच पाणी मुलाला घातक होते.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या संस्थेने हे सांगणारे एक पत्रक काढायचे ठरवले. त्यावर चार चित्रे घालायची होती. पहिले पाण्याच्या भांड्याचे. दुसरे साखरेच्या डब्याचे. तिसरे मिठाच्या बरणीचे. चौथ्यात आई मांडीवरच्या मुलाला वाटीतले पाणी चमच्याने पाजते आहे. प्रत्येक चित्राखाली दोन-तीन शब्द. वरच्या ओळीत दोन चित्रे, खालच्या ओळीत दोन चित्रे.

तालुक्याच्या गावी डीटीपीचे एक दुकान आहे. तेथल्या मुलाने पत्रक तयार करून दिले. आम्ही ते वाचले. एकही अक्षर चुकलेले नव्हते. "छान झालं," असे आम्ही म्हणालो. २,००० प्रती छापायला टाकायच्या होत्या. त्याआधी नमुन्याची एक प्रत आम्ही रात्रीच्या वर्गात नेली.

वर्गात एक आजी येतात. तेव्हा त्यांना वाचायला शिकून तीन महिने झाले होते. त्यांनी पत्रक हातात घेतले, बोट ठेवले आणि विचारले, "काय हो बाई, सहा चमचे मीठ घालायचं व्हय?"

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नाही आजी, नीट वाचा. सहा चमचे साखर लिहिलंय."

आजी म्हणाल्या, "मग वर मिठाची बरणी कशाला काढलीय?"

सगळा वर्ग गप्प झाला. आम्ही पत्रक पाहिले. आजींचे खरे होते. '६ चमचे साखर' या शब्दांवर बरणीचे चित्र होते आणि 'अर्धा चमचा मीठ' या शब्दांवर डब्याचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मुलाने सरळ सांगितले, "बरणी उंच आहे, डबा बुटका आहे. वरच्या ओळीत जागा जास्त होती, म्हणून बरणी वर घेतली. दिसायला बरं दिसत होतं." चित्रांची अदलाबदल झाली, शब्द मात्र जागच्या जागी राहिले. त्याला दोष देऊन काय उपयोग? आम्ही शब्द तपासले होते, चित्रे तपासली नव्हती. ज्याला भराभर वाचता येते तो आधी शब्द वाचतो. ज्याने नुकते वाचायला घेतले आहे तो आधी चित्र पाहतो. आणि ते पत्रक त्याच्यासाठीच होते.

त्या दिवशी आम्ही अर्धा दिवस त्या मुलाशेजारी बसलो. चित्र पानावर कसे बसवतात ते समजून घेतले. तेच आज तुम्हांला सांगतो. तुमच्या बचत गटाला, सोसायटीला, शाळेच्या समितीला कधी ना कधी काही छापून घ्यावे लागेल. तेव्हा हे उपयोगी पडेल.

आधी ब्लॉक, मग कॉम्प्युटर

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करीत. चित्रासाठी जस्ताचा किंवा तांब्याचा ठसा करीत. त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर बसवत आणि खिळ्यांबरोबर लोखंडी चौकटीत घट्ट आवळत. एकदा ब्लॉक झाला की चित्राचा आकार ठरला. चित्र मोठे हवे असेल तर दुसरा ब्लॉक करावा लागे. त्याला पैसे पडत, दिवस मोडत. म्हणून चित्र कोठे आणि किती मोठे घ्यायचे, याचा विचार आधी करून ठेवावा लागे.

१९८५ साली अमेरिकेतील आल्डस नावाच्या कंपनीने पेजमेकर नावाचा प्रोग्रॅम काढला. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पान रचता येऊ लागले. या कामाला डेस्कटॉप पब्लिशिंग असे नाव पडले. डीटीपी ही त्याचीच तीन आद्याक्षरे. पुढे दुसरे प्रोग्रॅम आले. कोरलड्रॉ आला. १९९९ साली इनडिझाइन आला. स्क्रायबस नावाचा एक प्रोग्रॅम तर फुकट मिळतो. नावे वेगळी, बटणे वेगळी. पण चित्र बसवण्याची रीत सगळीकडे जवळजवळ सारखीच.

आता चित्र हलवायला क्षणही लागत नाही. ही मोठी सोय झाली. पण चूक व्हायलाही क्षण लागत नाही. म्हणून आता जास्त लक्ष द्यावे लागते.

फ्रेम म्हणजे खिडकी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी कोरे पान दिसते. मुलाने त्या पानावर एक रिकामा चौकोन काढला. त्याला फ्रेम म्हणतात. रिकाम्या फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा होत्या. येथे चित्र यायचे आहे, असा त्याचा अर्थ. मग त्याने त्या फ्रेममध्ये चित्र आणले. रेघा गेल्या, चित्र दिसू लागले.

आम्हांला वाटत होते की फ्रेम आणि चित्र एकच. तसे नाही. फ्रेम वेगळी, चित्र वेगळे. फ्रेम म्हणजे घराची खिडकी. चित्र म्हणजे खिडकीबाहेरचा डोंगर. खिडकी लहान केली म्हणून डोंगर लहान होत नाही. तो कमी दिसतो, एवढेच.

हे घरी करून पाहा. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या. त्याच्या मध्यभागी तीन इंच रुंद आणि दोन इंच उंच अशी खिडकी कापा. हा पुठ्ठा कॅलेंडरवरच्या चित्रावर ठेवा. खिडकीतून चित्राचा थोडा भाग दिसेल. आता पुठ्ठा एका हाताने दाबून धरा आणि खालचे कॅलेंडर सरकवा. खिडकी तेथेच आहे, पण आत वेगळे काही दिसू लागले. कधी चेहरा आला, कधी नुसते हात आले, कधी मागचे झाड आले.

कॉम्प्युटरवर हेच करतात. फ्रेमवर एकदा क्लिक करून ओढले की खिडकी चित्रासकट दुसरीकडे जाते. बहुतेक प्रोग्रॅममध्ये दोनदा क्लिक केले की आतले चित्र हाती येते. मग खिडकी जागेवर ठेवून आतले चित्र सरकवता येते.

आमच्या पत्रकात याचा उपयोग झाला. मिठाच्या चित्रात बरणी पूर्ण दिसत होती, पण चमचा कडेला गेला होता आणि अर्धा कापला गेला होता. चमचा सपाट की शिगोशीग, ते कळत नव्हते. आम्ही म्हटले, "दादा, चमचा मध्ये घ्या." त्याने आतले चित्र सरकवले. बरणीची एक बाजू कापली गेली. जाऊ द्या. अर्धी बरणी पाहूनही बरणी कळते. पण अर्धा चमचा पाहून माप कळत नाही. ज्या वस्तूसाठी चित्र घातले, ती वस्तू पूर्ण दिसली पाहिजे.

भाकरी चारी बाजूंनी वाढते

आता चित्र लहान किंवा मोठे कसे करायचे ते पाहू. चित्र निवडले की त्याच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर बारीक चौकोनी टिकल्या दिसतात. बाजूची टिकली धरून ओढली तर चित्राची रुंदी वाढते, उंची तेवढीच राहते. मग बारीक माणूस जाडा दिसतो आणि बैलगाडीचे चाक अंड्यासारखे होते. रस्त्यावरच्या फलकांवर असे ताणलेले चेहरे तुम्ही पाहिले असतील. ज्याचा वाढदिवस असतो त्यालाही तो फोटो ओळखू येत नाही.

भाकरी थापताना आपण ती चारी बाजूंनी सारखी वाढवतो. म्हणून ती गोल राहते. चित्राचेही तसेच. रुंदी आणि उंची बरोबरीने वाढली पाहिजे किंवा बरोबरीने कमी झाली पाहिजे. प्रोग्रॅममध्ये प्रमाण राखण्याची सोय असते. तेवढी ठेवायला सांगावी.

हिशेब सोपा आहे. फोटो ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच आहे असे समजा. रुंदी निम्मी, म्हणजे ३ इंच केली, तर उंचीही निम्मी, म्हणजे २ इंच झाली पाहिजे. रुंदी ९ इंच केली तर उंची ६ इंच. याहून वेगळे काही झाले तर फोटो ताणला गेला असे समजावे.

बारांतल्या चौघी

पण फ्रेमचा आकार फोटोच्या आकारासारखा नसेल तर काय करायचे? फोटो ६ इंच रुंद, ४ इंच उंच. फ्रेम ३ इंच रुंद, ३ इंच उंच. येथे दोन उपाय असतात.

पहिला उपाय असा. पूर्ण फोटो फ्रेममध्ये मावेल इतका लहान करायचा. मग तो ३ इंच रुंद आणि २ इंच उंच होतो. वर अर्धा इंच आणि खाली अर्धा इंच जागा मोकळी राहते. फोटोतले काहीच जात नाही.

दुसरा उपाय असा. फ्रेम पूर्ण भरेल असा फोटो बसवायचा. उंची ३ इंच केली की रुंदी साडेचार इंच होते. फ्रेम तर तीनच इंच रुंद आहे. उरलेला दीड इंच फ्रेमबाहेर जातो. तो छापला जात नाही. साडेचारांतले दीड म्हणजे फोटोचा तिसरा हिस्सा गेला.

तिसरा हिस्सा गेला म्हणजे काय होते ते ऐका. एका गावात बचत गटातल्या बारा जणींनी मिळून बांधाचे काम केले. उन्हात माती वाहिली. काम पुरे झाल्यावर बांधावर ओळीने उभे राहून फोटो काढला. गटाचा वर्षाचा अहवाल छापला तेव्हा तो फोटो चौकोनी फ्रेममध्ये भरून बसवला गेला. फ्रेम भरली, पान सुबक दिसले. पण डावीकडच्या दोघी आणि उजवीकडच्या दोघी फ्रेमबाहेर गेल्या. अहवालात आठच जणी उरल्या.

त्या चौघींपैकी एक जण बैठकीत म्हणाली, "आम्ही काय माती वाहिली नव्हती?" यावर कोणाला उत्तर देता आले नाही. कोणी मुद्दाम कापले नव्हते. पण छापील कागद वर्षानुवर्षे राहतो. पुढे कोणी अहवाल उघडला तर त्याला आठच बाया दिसणार. बांध बाराजणींचा होता, हे कागद सांगणार नाही.

त्या ठिकाणी काय करायला हवे होते? फ्रेम बदलायला हवी होती. चौकोनी फ्रेम काढून आडवी, ३ इंच रुंद आणि २ इंच उंच फ्रेम घेतली असती तर बारा जणी बसल्या असत्या. त्याहूनही बरे म्हणजे पानभर रुंद फ्रेम. फोटोत आभाळ जास्त असेल तर आभाळ कापावे. पायाखालची जमीन जास्त असेल तर ती कापावी. माणसे कापण्यापेक्षा फ्रेम बदलावी.

आणखी एक सांगतो. कापण्याने खोटेही बोलता येते. सभेला वीस माणसे असतील, तर तेवढाच कोपरा दाखवून सभा भरगच्च होती असे भासवता येते. म्हणून छापील फोटो पाहताना मनात विचारावे, 'या चौकटीबाहेर काय राहिले असेल?' आपण स्वतः छापतो तेव्हा तर हे विचारलेच पाहिजे.

ठिपक्यांची रांगोळी

वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून पाहा. सगळे बारीक ठिपके दिसतील. जवळजवळच्या ठिपक्यांनीच चेहरा तयार झालेला असतो. कॉम्प्युटरमधला फोटोही बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांचाच असतो. चांगल्या छपाईसाठी एका इंचाच्या लांबीत ३०० ठिपके असावेत, असा नेहमीचा हिशेब आहे.

समजा, तुमचा फोटो ६०० ठिपके रुंद आहे. तो २ इंच रुंद छापला तर इंचाला ३०० ठिपके पडतात. चित्र स्वच्छ येते. तोच फोटो ६ इंच रुंद केला तर इंचाला १०० च ठिपके येतात. ठिपके वाढत नाहीत, नुसते पसरतात. छोट्या रांगोळीचे ठिपके मोठ्या अंगणात लांब लांब मांडल्यासारखे होते. चित्र धूसर दिसते, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात.

म्हणून दुकानात मूळ फोटो द्यावा. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो हलका होऊन जातो. त्याचे ठिपके कमी होतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळचा तसाच जातो. एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

चित्र आणि शब्द यांची जोडी

आता आमच्या मूळ चुकीकडे येऊ. डब्याच्या जागी बरणी गेली आणि शब्द मागे राहिले. असे का झाले? कारण चित्राची फ्रेम वेगळी असते आणि शब्दांची फ्रेम वेगळी असते. एक हलवली तरी दुसरी हलत नाही.

यावर उपाय आहे. चित्राची फ्रेम आणि तिच्याखालच्या शब्दांची फ्रेम, या दोन्ही एकदम निवडायच्या आणि त्यांचा 'ग्रुप' करायचा. मग त्या एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारख्या होतात. एक जिकडे जाईल तिकडे दुसरी जाते. आम्ही आता दुकानात गेलो की पहिली गोष्ट हीच सांगतो, "दादा, आधी चित्र आणि मजकूर ग्रुप करा, मग काय हलवायचं ते हलवा."

शब्द चित्राच्या अगदी जवळ असावेत. दोन चित्रांच्या बरोबर मध्ये शब्द ठेवले तर ते वरच्या चित्राचे की खालच्या, ते कळत नाही. आपल्या चित्राशी जवळीक आणि शेजारच्या चित्रापासून अंतर, असे असावे.

डोळा कोठून कोठे जातो?

मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो आणि मग खालच्या ओळीवर येतो. पण चित्रे त्याच क्रमाने पाहिली जातील असे नाही. आम्ही वर्गात विचारले तेव्हा काहींनी चार चित्रे आडवी वाचली. काहींनी आधी डावीकडची वरची आणि खालची पाहिली, मग उजवीकडची.

आमच्या पत्रकात त्याने फारसे बिघडले नसते. साखर आधी घातली काय किंवा मीठ आधी घातले काय, पाणी तेच होते. पण पिकावर औषध फवारण्याचे पत्रक घ्या. आधी हातमोजे घालायचे, तोंडाला फडके बांधायचे, मग बाटली उघडायची. येथे चित्रांचा क्रम उलटला तर विष अंगावर येईल.

म्हणून जेथे आधी काय आणि नंतर काय याला महत्त्व आहे, तेथे चित्रे एकाखाली एक, एकाच रांगेत ठेवावीत. प्रत्येक चित्रावर ठळक आकडा घालावा. आकडे तर तुम्हांला अक्षरांच्याही आधीपासून येतात. बाजारात रोज पैसे मोजता ना!

रेघ आणि मोकळी जागा

चित्राभोवती रेघ काढायची की नाही? चित्राची पार्श्वभूमी पांढरी असेल तर बारीक रेघ उपयोगी पडते. चित्र कोठे संपले ते कळते. डीटीपीमध्ये रेघेची जाडी पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. १ पॉइंटची रेघ पुरे होते. लग्नपत्रिकेला वेलबुट्टीची चौकट शोभते. औषधपाण्याच्या पत्रकावर ती घालू नये. डोळा वेलबुट्टीतच अडकतो.

मजकूर चित्राला चिकटू नये. शेतात दोन ओळींमध्ये अंतर ठेवतो तसे चित्राच्या चारी बाजूंनी निदान ३ मिलिमीटर अंतर ठेवावे. प्रोग्रॅममध्ये फ्रेमभोवती किती जागा सोडायची ते सांगता येते. मग मजकूर चित्रावर न चढता त्याच्या बाजूने वळून जातो. गरीब संस्थांना वाटते, कागदाचे पैसे दिले आहेत तर एक बोटभरही जागा रिकामी कशाला सोडायची? आम्हांलाही तसे वाटत असे. पण दाटीवाटीच्या पानाला वाचणारा भितो आणि कागद घडी करून ठेवून देतो. मग सगळेच पैसे वाया जातात.

चित्र कागदाच्या अगदी काठापर्यंत न्यायचे असेल तर ते काठाबाहेर ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. कारण छापल्यावर कागद कापतात आणि कापताना सुरी थोडी इकडेतिकडे होते. काठावर महत्त्वाचे काही ठेवू नये, नाहीतर ते सुरीखाली जाते.

चित्राचा पत्ता

एक शेवटची गोष्ट. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये चित्र पानावर दिसते, पण ते तेथे खरोखर ठेवलेले नसते. प्रोग्रॅम फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतो, की चित्र अमुक फोल्डरमध्ये आहे. चित्र तेथून हलवले किंवा पुसले, तर घर बदललेल्या माणसाच्या पत्रासारखे होते. पत्ता आहे, पण माणूस नाही. मग छापताना चित्र येत नाही, किंवा पुसट येते. म्हणून एका कामाची सगळी चित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवायला सांगावीत. काम पुरे झाले की त्याची पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये चित्रे आणि अक्षरे दोन्ही बरोबर राहतात.

'छापा' म्हणण्याआधी

नमुन्याची प्रत हातात आली की एवढे पाहावे :

चित्र आणि त्याखालचे शब्द एकाच गोष्टीबद्दल आहेत ना?
कामाची वस्तू पूर्ण दिसते ना?
कोणी माणूस चौकटीबाहेर राहिला नाही ना?
चेहरे ताणलेले नाहीत ना?
चित्र स्वच्छ आहे ना?
चित्रांचा क्रम आकड्यांनी दाखवला आहे ना?

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. ती प्रत अशा माणसाला दाखवावी, ज्याच्यासाठी ती काढली आहे. त्याला काही समजावून सांगू नये. नुसते विचारावे, "तुम्हांला यातून काय कळलं?" त्याला उलट कळले तर तो अडाणी नाही. आपले पान चुकले आहे.

दुकानातला माणूस शिकलेला असतो, त्याच्यापुढे कॉम्प्युटर असतो. म्हणून आपण बिचकतो. बिचकू नये. कागद आपला, काम आपले, वाचणारी माणसे आपली. "दादा, जरा थांबा, हे चित्र असं नको," असे म्हणायला काही हरकत नाही.

आमचे पत्रक आम्ही पुन्हा करून घेतले. चार चित्रे एकाखाली एक आली. प्रत्येकावर मोठा आकडा आला. साखरेच्या डब्याजवळ सहा चमचे काढून घेतले, मिठाच्या बरणीजवळ अर्धा भरलेला एकच चमचा. नमुन्याची प्रत आम्ही परत रात्रीच्या वर्गात नेली आणि आजींच्या हातात दिली. त्यांनी एकेका चित्रावर बोट ठेवले. पाणी. साखर सहा चमचे. मीठ अर्धा चमचा. मग पोराला पाजायचं. त्यांनी पत्रक उलटून मागची बाजूही पाहिली आणि म्हणाल्या, "हां, आता बरोबर."

दुसऱ्या दिवशी पत्रक छापायला गेले.

प्रश्न

१. पहिल्या पत्रकात कोणती चूक झाली होती? ती कोणाला कळली?
२. फ्रेमला खिडकी का म्हटले आहे? पुठ्ठ्याची खिडकी करून पाहा.
३. एक फोटो ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच आहे. तो १२ इंच रुंद केला तर उंची किती असावी?
४. बांधाच्या फोटोतल्या चौघी कशामुळे गेल्या? तुम्ही असता तर काय केले असते?
५. तुमच्या घरातले एखादे चित्र असलेले पत्रक किंवा पाकीट वर्गात आणा. चित्र आणि शब्द जुळतात का, ते सगळ्यांनी मिळून पाहा.